माझ्या पोटाचं कापड

हर्निया माणसाला कुठेही व्हावा, सुरतेत होऊ नये. नाशिकला झाला तर लोक विचारतात, फार दुखतं का हो? पुण्याला झाला तर लोक ऑपरेशन करू नका म्हणतात आणि आपल्या मेव्हण्याचं उदाहरण देतात. सुरतेत लोक विचारतात, कापड कोणतं टाकणार?

हे मला आधी ठाऊक असतं, तर डॉक्टर वशींकडून घरी आल्यावर मी आधी दार लावलं असतं आणि मग तोंड उघडलं असतं. बेंबीच्या जरा वर, खोकलो की लिंबाएवढा एक गोळा बाहेर यायचा आणि मी आडवा झालो की आपोआप आत जायचा. माझी बायको नूतन त्याला 'पाहुणा' म्हणायची. डॉक्टरांनी पाहुण्याला दोन बोटांनी दाबून पाहिलं आणि सांगितलं, पोटाची भिंत फाटली आहे, उद्या आतडं त्यात अडकलं तर धावाधाव होईल, त्यापेक्षा आत्ताच पॉलिप्रॉपिलीनची जाळी बसवून टाकू. हे सगळं मी दारात चपला काढता काढता नूतनला जसंच्या तसं ऐकवलं. समोरच्या घरात वाल्मिकभाऊ जेवत होते. त्यांना 'फाटली' ऐकू आलं नाही, 'आतडं' ऐकू आलं नाही. 'पॉलिप्रॉपिलीन' तेवढं ऐकू आलं, आणि ते खरकट्या हाताने उठून आले.

"भाऊ, किती जीएसएमनी शे?" त्यांनी विचारलं. कापडाचा जाडपणा कापडवाले असा वजनात मोजतात.

वाल्मिकभाऊ मूळचे शिरपूरकडचे, अहिराणी बोलणारे. पर्वत पाटियाच्या एका कापड मार्केटात ते माल तपासतात. ट्यूबलाइटखाली टेबलावरून कापड सरकत जातं आणि वाल्मिकभाऊ त्यातला तुटका धागा, तेलाचा डाग, विणीतली चूक पकडून खडूची खूण करतात. ही नजर ते संध्याकाळी मार्केटात ठेवून येत नाहीत. लग्नाला गेले की ते नवरीकडे बघत नाहीत, तिच्या शालूची उलटी बाजू बघतात. आमच्या सोसायटीत जवळपास सगळेच कापडातले. मी एकटा बँकेत. माझा कापडाशी संबंध ते अंगात घालण्यापुरता, आणि या गोष्टीचा मला आतून थोडा अभिमानही होता.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. वयाची पन्नाशी उलटेपर्यंत न्हाव्याखेरीज कोणी माझ्या अंगाला पातं लावलं नव्हतं. रात्री अंथरुणावर पडलं की पोटावर हात जायचा आणि वाटायचं, आपण टेबलावरून उठलोच नाही तर? नूतनला हे सांगण्याची सोय नव्हती, कारण डॉक्टरांसमोर मीच छाती काढून "त्यात काय एवढं" म्हणून बसलो होतो. मला फक्त एक माणूस हवा होता, जो खांद्यावर हात ठेवून "काही होत नाही" म्हणेल. त्याऐवजी मला समिती मिळाली.

समिती त्याच संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये भरली. अध्यक्ष वाल्मिकभाऊ. सदस्य निंबाभाऊ, ज्यांचे कतारगामला स्वतःचे लूम, म्हणजे यंत्रमाग, आहेत आणि त्या खडखडाटामुळे जे शांत खोलीतही ओरडूनच बोलतात. तिसऱ्या सरलाबाई, वाल्मिकभाऊंच्या पत्नी. त्या घरी साड्यांना लेस लावतात, खडे चिकटवतात, आणि बोलताना हात चालूच ठेवतात.

"लूमवरनी शे का निटिंगनी?" निंबाभाऊंनी गर्जना केली.

"मला काय माहीत? जाळी आहे," मी म्हणालो.

"माहीत नई?" निंबाभाऊंनी नूतनकडे अशा नजरेने पाहिलं, की तिने असल्या माणसाशी लग्न केलंच कसं. "अहो, उद्या उसवली तं पोटमा कोन जाई?"

"आणि कडा?" सरलाबाईंनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं. "कडा मोकळ्या ठेवशात तं धागा निंघतीन. डॉक्टरले सांगा, ऑपरेशनना आधल्या दिवशी जाळी आमना घर धाडी द्या. पिको मी करी दिसू."

नूतनने हे गंभीरपणे ऐकून घेतलं. मग तिने मला बाजूला घेऊन विचारलं, खरंच कडांचं काय करत असतील हो? या बाईचं शिक्षण बी.एस्सी.पर्यंत झालेलं आहे. सुरतेत पंधरा-वीस वर्षं काढली की पिकोवर माणसाचा विश्वास बसतोच.

पुढचे काही दिवस जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, भाजीच्या गाडीवर, सगळीकडे माझ्या पोटाची चर्चा होती, पण माझी नव्हती. धुतल्यावर आटेल का? पोटात धुणार कोण? घाम येतोच ना! रंग पांढरा का, पोटात मळखाऊ रंग बरा नाही का? निंबाभाऊंनी तर सांगितलं, की त्यांच्या एका कारागिराने हर्नियावर लूमचा जुना पट्टा बांधून पुढची कितीतरी वर्षं मजेत काढली. मी विचारलं, आता कसा आहे? तर म्हणाले, पट्टा अजून चांगला शे.

दरम्यान विमा कंपनीशी माझी गाठ पडली. हॉस्पिटलच्या कॅशलेस खिडकीवरून आमचे कागद गेले आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न आला: सदर दुरुस्ती वैद्यकीय गरजेची आहे, की शोभेसाठी? मी आरशासमोर उभा राहून माझ्या पोटाकडे पाहिलं. या पोटावर शोभेसाठी खर्च करावा, असं ज्याला वाटलं त्याच्या आशावादाला मी मनोमन नमस्कार केला. डॉक्टरांनी उत्तर धाडलं. लगेच दुसरा प्रश्न: 'दुरुस्ती' असा उल्लेख आहे, तरी मूळ काम कोठे झाले होते, त्याचा पुरावा जोडावा. मूळ काम माझ्या आईने नाशिकला केलं आणि तेव्हा तिला पावती मिळाली नाही, असं मी लिहायला घेतलं होतं. नूतनने माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि डॉक्टरांना फोन केला. ते कसं मिटलं ते मला अजून कळलेलं नाही. मंजुरी आली, एवढं खरं.

ऑपरेशनच्या सकाळी मी आणि नूतन दोघंच गुपचूप निघणार होतो. खाली आलो तर निंबाभाऊ स्कूटर घेऊन तयार, वाल्मिकभाऊंनी मार्केटात सुट्टी टाकलेली, आणि सरलाबाई खडे लावायच्या साड्यांचं गाठोडं घेऊन रिक्षात आधीच बसलेल्या. वेळ फुकट जायला नको म्हणून त्या कुठेही जाताना काम बरोबर घेतात. रस्ताभर त्या गुलाबी शिफॉनच्या साडीवर डिंकाने खडे बसवत होत्या आणि मी बाहेर बघत होतो. वाटत होतं, हे सगळं शेवटचंच बघतोय.

हॉस्पिटलात मला मागून उघडा असलेला हिरवा झगा घातला. ज्याने तो शोधून काढला त्याला माणसाच्या प्रतिष्ठेविषयी काहीतरी जुना राग असला पाहिजे. मग थिएटरमध्ये नेऊन मला कुबड काढून बसवलं, पाठीत सुई दिली, आणि हळूहळू छातीखालचा मी नाहीसा झालो. पाय दिसत होते, पण ते दुसऱ्या कुणाचे तरी होते. तोंडाला मास्क लावलेले डॉक्टर वशी आले आणि म्हणाले, "राजहंसभाई, जाळी आली की सुरू करू."

जाळी खालच्या मेडिकल स्टोअरमधून आणायची होती. नूतन थिएटरच्या दारापाशी थांबली होती, म्हणून आणायला वाल्मिकभाऊ गेले. पुढची हकीकत मला नंतर तिच्याकडून कळली.

वाल्मिकभाऊ चौकोनी खोका घेऊन वर आले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की हे निर्जंतुक आहे आणि शस्त्रक्रियेच्या टेबलाशिवाय उघडू नये. पण ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पार्सल उघडल्याशिवाय माल ताब्यात घेतला नाही, त्याने अक्षरं का वाचावीत? नूतन काही म्हणायच्या आत त्यांनी खोका फोडला, आतली पिशवी दाताने फाडली आणि माझी जाळी बाहेर काढली. आधी अंगठा आणि बोटात धरून चोळली. मग खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. मग उभी ताणली, आडवी ताणली, गाठोड्यावर पसरून उलटी बाजू तपासली.

"वाल्मिकभाऊ, अहो, ती उघडायची नसते!" नूतन ओरडली.

"वहिनी, पॅकिंग खोलाशिवाय माल लेवाना नई," ते शांतपणे म्हणाले. "भाऊना पोटमा जाई राह्यनी. दुकानमा नई."

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण सूत अस्सल आहे की भेसळीचं, हे ओळखायची कापडवाल्यांची एक पक्की रीत आहे. कोपऱ्याचा तुकडा कातरायचा आणि जाळून बघायचा. वाल्मिकभाऊ बिडी ओढत नाहीत, तरी शर्टाच्या खिशात काडेपेटी असतेच. सरलाबाईंनी कात्री दिली. निंबाभाऊंनी ओंजळ करून वारा अडवला. तुकडा वितळला, त्याचा थेंब खाली पडला, वाल्मिकभाऊंनी वास घेतला आणि तिघांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मेणबत्तीचा वास. म्हणजे माल एकदम अस्सल.

त्यांच्या बरोब्बर डोक्यावर छताला धुराची घंटा बसवलेली होती.

हॉस्पिटलात आगीची कवायत नुकतीच झाली होती आणि तिच्यात थिएटरच्या लोकांना शाबासकी मिळाली होती. ती शाबासकी त्यांच्या अंगात अजून ताजी होती. घंटा वाजायला लागताच कुणी काही विचारलं नाही. चार जणांनी मला टेबलावरून स्ट्रेचरवर घेतलं आणि उतारावरून पळवत नेलं. "अहो, मला अजून कापलंसुद्धा नाही!" असं मी ओरडत होतो. का ओरडत होतो ते मलाही ठाऊक नाही. बघता बघता मी पार्किंगमध्ये, पर्वत पाटियाच्या भर रस्त्याच्या कडेला, उन्हात येऊन पडलो. पाय बधिर, झगा वाऱ्यावर, समोर साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेले टेम्पो खोळंबलेले, आणि त्यातले हमाल एकटक माझ्याकडे बघतायत.

सरलाबाई धावत आल्या आणि त्यांनी हातातली गुलाबी साडी माझ्या अंगावर टाकली. भावना चांगली होती. पण खड्यांखालचा डिंक ओला होता. साडी माझ्या पोटाला जी चिकटली ती चिकटलीच. सरलाबाईंनी ती माझ्या गळ्यापर्यंत ओढली आणि डोळ्यांना पदर लावला. ते बघून रस्त्यावरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने चपला काढून मला लांबूनच नमस्कार केला. मी मान उचलून "आभारी आहे" म्हणालो, तेव्हा तो चपला तिथेच टाकून निघून गेला.

गर्दीतून आमच्या शाखेचे एक खातेदार पुढे आले. बँकेत काचेपलीकडून माझ्याशी बोलताना ते घसा साफ करून बोलतात. आज त्यांनी माझ्या अंगावरचे खडे निरखून पाहिले, आणि विचारलं, "साहेब, मारा केवायसीनुं शुं थयुं?" ऑपरेशन झाल्यावर बघतो म्हणालो. ते "काई वांधो नई" म्हणाले, पण जाता जाता त्यांनी माझा एक फोटो काढला.

अग्निशमन दलाचा बंब आला. अधिकाऱ्यांनी सगळं हॉस्पिटल पालथं घातलं आणि शेवटी आगीचं कारण म्हणून त्यांच्या हाती ती कोपरा जळलेली जाळी लागली. वाल्मिकभाऊ मान खाली घालून उभे होते. अधिकाऱ्यांनी जाळी हातात घेतली, भुवया आवळल्या, आणि मग नकळत अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरायला लागली. शेवटी तेही सुरतेचेच.

"माल सारो छे," ते म्हणाले.

डॉक्टर वशींना मात्र मालाचं कौतुक नव्हतं. "आ पेकेट कोणे खोल्युं?" असं त्यांनी एवढ्या मोठ्याने विचारलं की निंबाभाऊसुद्धा दचकले. त्या मापाची दुसरी जाळी खाली नव्हती. ती स्टेशनजवळच्या डीलरकडून आणावी लागणार होती, तीही लगेच, नाहीतर सुईचा अंमल उतरला की पाठीत पुन्हा सुई. मी जातो, असं वाल्मिकभाऊंनी हलक्या आवाजात सांगितलं. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर बोट नाचवलं. खोक्याला नख जरी लागलं तरी परत यायचं नाही. निंबाभाऊंनी स्कूटर सुरू केली.

मला पुन्हा थिएटरच्या दाराबाहेर आणून ठेवलं. एक सिस्टर माझ्या पोटावरून एकेक खडा सोलून काढत होती आणि सरलाबाई त्या वाटीत मोजून घेत होत्या. नूतन माझ्या डोक्याशी उभी होती. ती एकदम हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा मला कळलं की तीही घाबरलेली आहे. बहुतेक माझ्यापेक्षा जास्त. मी तिचा हात धरला. एवढ्या वर्षांत सार्वजनिक ठिकाणी पहिल्यांदाच.

तेवढ्यात वाल्मिकभाऊ आले. खोका त्यांनी दोन्ही हातांत छातीशी धरला होता. घामाघूम झाले होते. खोक्याचं सील जसंच्या तसं होतं. त्यांनी तो सिस्टरच्या हातात दिला आणि माझ्या स्ट्रेचरपाशी येऊन उभे राहिले.

"भाऊ, मी दखं नई," ते म्हणाले. "जशी दिन्ही तशीच लई उनू. आतमा काय शे, देव जाणे. काही व्हई गयं तं वहिनीले मी काय तोंड दखाडू?"

इतके दिवस मी या माणसाला हसत होतो. माझी विचारपूस करायची सोडून हा कापडाची का करतो, म्हणून मनातून चिडतही होतो. स्ट्रेचर आत गेलं, दार मिटलं, आणि मी टेबलावर छताकडे बघत पडून राहिलो. भीती सकाळी होती त्याच्या दुप्पट झाली होती.

"प्रेशर उतरतच नाही," भूल देणारे डॉक्टर म्हणाले. "इतक्या प्रेशरवर मी सुरू करू देणार नाही."

डॉक्टर वशी माझ्यावर वाकले. "राजहंसभाई, कशाची बीक, म्हणजे भीती, वाटते? सांगा."

मी बँकेतला अधिकारी माणूस. माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून मलाच लाज वाटली.

"साहेब," मी म्हणालो, "माल तपासलेला नाही."

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मशीनकडे पाहिलं, डॉक्टर वशींनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी लांब श्वास सोडला, सिस्टरकडून खोका उघडून घेतला आणि हातमोज्यांच्या दोन बोटांत ती पांढरी जाळी उचलून मोठ्या दिव्याच्या उजेडात धरली. "दाराची काच पुसा," ते म्हणाले.

दाराच्या गोल काचेला वाल्मिकभाऊंचं नाक आधीच टेकलेलं होतं. त्यांनी जाळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काचेमागून बोट गोल फिरवलं. डॉक्टरांनी, सुरतेतल्या इतक्या नावाजलेल्या सर्जनने, निमूटपणे जाळी उलटी केली. वाल्मिकभाऊंनी एक कड बघितली, दुसरी बघितली, तिसरी बघितली. चौथ्या कडेवर त्यांची नजर थांबली आणि माझा श्वासही थांबला. सगळे काचेकडे बघत होते.

मग वाल्मिकभाऊंनी हळूच मान डोलावली. काचेवर तळहात टेकला, आणि त्या जाडजूड दारातूनही मला ऐकू आलं, "भाऊ, काही होत नई."

"प्रेशर एकशे तीस," भूल देणारे डॉक्टर म्हणाले. "करा सुरू."